ढकलगाडीचे चौथे चाक

दवाखान्यात गेलेला माणूस डॉक्टर बघतो, नर्स बघतो, औषधाचे बिल तर दोनदा बघतो. कॉरिडॉरमधून खडखडत जाणाऱ्या गाडीकडे मात्र त्याचे लक्ष नसते. मराठीत ती ढकलगाडी, कन्नडमध्ये तळ्ळुगाडी. अर्थ तोच, आणि ढकलणाऱ्याचा घामही तोच.

आम्हा गुंजीकरांना मोठ्या दुखण्याला खानापूर नाहीतर बेळगाव गाठावे लागते. पेशंटच्या उशाशी रात्र काढली की या गाड्यांची ओळख होते. चादरींची गाडी, जेवणाची, औषधांची, कचऱ्याची. धुतलेल्या चादरी आणि मळक्या चादरी एकाच गाडीतून फिरताना दिसल्या तर वाचकहो, खुशाल विचारा. सोवळ्याओवळ्याचा हा प्रश्न नाही, जंतूंचा आहे. कचऱ्याची गाडी तर वेगळी आणि झाकणाचीच हवी.

पण खरी परीक्षा ऑक्सिजनच्या गाडीची. २०२१ साली 'डी टाइप' आणि 'बी टाइप' हे शब्द आपल्या घराघरांत शिरले. मोठ्या 'डी' सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर प्राणवायू असतो, लहान 'बी'मध्ये दीड. मिनिटाला १० लिटर लागत असेल, तर मोठा सिलिंडर साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो आणि लहान जेमतेम अडीच तास. म्हणजे लहान सिलिंडरवर असलेल्या पेशंटसाठी रात्रीतून तीन-चार वेळा गाडी यायला हवी. मोठा तर रिकामा असला तरी पन्नास-साठ किलोचा. तो खांद्यावरून न्यायचा नाही, जमिनीवरून लोळवायचा तर मुळीच नाही. वरचा व्हॉल्व्ह तुटला तर आतल्या दाबाने सिलिंडर बाणासारखा सुटतो. म्हणून गाडीला साखळी असते.

एका दवाखान्यात (नाव कशाला?) आमच्या नात्यातल्या एका आजींजवळ मी बसले होते. काटा खाली आला तशी सिस्टरांनी हाक दिली. मामा निघाले, पण गाडीचे एक चाक फिरेना. दर दहा पावलांवर ती भिंतीकडे वळायची.

"अण्णा, दुसरी गाडी न्हाई काय ओ?" मी विचारले.

"हाय की अक्का, तिची दोन चाकं जाम हाइत."

शेवटी आजींचा मुलगा पुढून ओढू लागला, मामा मागून ढकलत, "दारी बिड्री, दारी बिड्री" ओरडत. आजींना वेळेवर मिळाले. पण ती दहा मिनिटे मी काट्यावरची नजर काढली नाही.

नंतर मामांनी चाक उलटे करून दाखवले. आसाभोवती केस आणि बँडेजचे दोरे घट्ट गुंडाळलेले! कात्री आणि ग्रीसचे बोट, एवढेच औषध. पण ते काम कुणाचे? सिस्टरांचे नाही, डॉक्टरांचे नाही, मामांच्या कामाच्या यादीतही नाही. मोठी यंत्रे आली की त्यांच्या देखभालीचा करार होतो, या गाडीचा कुणी करत नाही.

आपल्याकडे वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला दवाखान्यात फळे वाटतात, भिंतीवरचे घड्याळ देतात. पुढच्या खेपेला स्टोअरमध्ये जाऊन चाकाचे माप विचारून घ्या. चाके जोडीने बदलावी लागतात आणि निदान दोन चाकांना ब्रेक हवा, नाहीतर रॅम्पवर गाडी सुटते.