स्वस्त हत्यारे घ्यावीत की नाहीत?

मीरा-भाईंदर परिसरात गाड्या वाढल्या, तशी गॅरेजही वाढली. शांती नगरच्या सेक्टरांतून नया नगरकडे किंवा काशीमीऱ्याच्या हमरस्त्याकडे जाताना मोटारदुरुस्तीचे गाळे, पंक्चरवाले, बॅटरीवाले दिसतात. या धंद्यात आपल्या समाजाचे अनेक तरुण आहेत. उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढल्यावर मुलगा स्वतःचा गाळा टाकायला निघतो, तेव्हा पहिला प्रश्न भांडवलाचा येतो, आणि भांडवलात पहिला प्रश्न हत्यारांचा. नामांकित कंपनीचा संच घ्यावा, की बाजारात काही शे रुपयांत मिळणारी ४६ नगांची चकचकीत पेटी घ्यावी?

आम्ही कापडाचे व्यापारी. पान्या-पकडींचा व्यापार आमचा नव्हे. परंतु मालाची पारख हा सर्वच व्यापाऱ्यांचा सामाईक विषय आहे. कापडाच्या दुकानातली कात्रीच घ्या. मेरठची कात्री मोटारी, ट्रक यांच्या भंगारातल्या पोलादापासून बनते. तिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची धार गेली तर लावता येते, खिळा ढिला झाला तर ठोकून घेता येतो. पत्र्याची स्वस्त कात्री मात्र धार गेली की फेकावी लागते. म्हणून किंमत विचारण्याआधी वस्तू किती दिवस चालेल आणि बिघडली तर काय होईल, हे विचारले पाहिजे.

आमच्या मते मोटारीच्या हत्यारांबाबत एकच कसोटी पुरेशी आहे. हत्यार ऐन कामात दगा देईल, तेव्हा नुकसान कोण भरणार? या एका प्रश्नावर हत्यारांचे तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात जिवावर बेतणारी हत्यारे येतात. जॅक, गाडीखाली लावायची घोडी आणि इंजिन उचलायची साखळी ही ती हत्यारे. वॅगन आरसारखी छोटी गाडीसुद्धा ८०० किलोच्या आसपास भरते, इनोव्हा दीड टनाच्या वर जाते. हायड्रॉलिक जॅकचे सील गळू लागले की तो हळूहळू खाली बसतो. म्हणून नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नये. पक्क्या जमिनीवर दोन्ही बाजूंना घोडी लावूनच जावे. या वर्गात स्वस्ताईचा विचारही करू नये. वाचवलेल्या हजार रुपयांसाठी घरातला एकुलता कमावता हात जातो, आणि त्याची भरपाई बायकामुले करतात.

दुसऱ्या वर्गात गिऱ्हाइकाच्या गाडीला थेट भिडणारी हत्यारे येतात. रिंग पाने, गोटी पाने, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना हे सर्व यात आले. आपल्या भागात तर यांचे महत्त्व अधिकच आहे. मीरा-भाईंदर हा खाडीचा आणि मिठागरांचा प्रदेश. खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी गाडीच्या खालच्या बाजूचे नट-बोल्ट गंजून जाम होतात. अशा नटावर ढिल्या तोंडाचा पाना लावून जोर दिला की पान्याचे तोंड फाकते, नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, आणि पाना निसटून बोटे फुटतात ती वेगळीच. मग छिन्नी लावा, वेल्डिंग करा, नवा बोल्ट शोधा. दहा मिनिटांच्या कामात अर्धा दिवस जातो. समजा, स्वस्त गोट्यांचा संच ६०० रुपयांना आणि चांगला ३,००० रुपयांना पडला. फरक २,४०० रुपयांचा. अर्ध्या दिवसाची मजुरी ६०० रुपये धरली, तर असे चार नट गोल झाले की हा फरक फिटतो. गंजलेल्या गाड्यांवर चार नट गोल व्हायला किती दिवस लागतील, ते कारागिरांनीच सांगावे.

यात पैशाहून मोठी गोष्ट आहे. गिऱ्हाईक गाडीची चावी आपल्या हातात देते, तेव्हा ती गाडी आपल्याजवळ अमानत असते. खराब पान्याने तिच्या बोल्टाचे आटे मारायचे आणि वर तेल-पाणी करून गाडी परत द्यायची, हा व्यवहार हलाल रोजीत बसत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर दाखवणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पवित्र कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख येतो, आणि त्यांना चिलखताच्या कड्यांचे माप नीट राखण्याची ताकीदही येते. लोखंडाच्या कामात मापाला किती महत्त्व आहे, हे यावरून समजावे. पान्याचे तोंड आणि नटाचे डोके यांतला केसभर फरकही काम बिघडवतो.

तिसऱ्या वर्गात दगा दिला तर फक्त आपला वेळ जाईल अशी हत्यारे येतात. हातोडी, ब्रश, तेलाचे भांडे, चुंबक, हातबत्ती, वर्षातून दोनदा लागणारा पुलर, यांत खुशाल स्वस्त माल घ्यावा. बीएस-६चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर संगणकाशिवाय गाडीचा दोष समजणे अवघड झाले आहे. दोषाचा संकेत वाचणारे छोटे स्वस्त यंत्र सुरुवातीला चालते. मात्र संकेत पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगावे.

खरेदी करताना नगांची संख्या पाहू नये. पद्मिनी टॅक्सीच्या काळात १३ आणि १७ नंबरचे पाने सतत लागत. मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. मारुतीच्या गाड्यांना मुख्यतः १०, १२, १४ आणि १७ हे नंबर लागतात. ज्या गाड्या आपल्याकडे येतात त्यांचे सहा-आठ पाने उत्तम घ्यावेत, बाकीचे कमाईतून महिन्याला एक-दोन जोडावेत. व्याजाच्या हप्त्यावर भली मोठी पेटी उचलण्यापेक्षा हा मार्ग बरकतीचा आहे.

मालाची पारख दुकानातच करावी. खिशात एक नवा बोल्ट ठेवावा आणि पाना त्यावर लावून हलवून पाहावा. खडखड वाजला तर परत द्यावा. पट्टीतून कापलेल्या पान्यापेक्षा घडीव पाना बळकट असतो. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा असेल तर उत्तम, पण अक्षरे कोरणे सोपे असते, म्हणून नुसत्या अक्षरांवर विसंबू नये. गंजलेल्या नटासाठी बारा कोपऱ्यांच्या गोटीपेक्षा सहा कोपऱ्यांची गोटी घ्यावी. आयएसआय खूण आणि पक्के बिल मागावे. महाग म्हणजे परदेशीच असेही नाही. नाशिकच्या सातपूरमध्ये टपारियाचा कारखाना आहे, जालंधर आणि लुधियाना येथेही चांगली हत्यारे बनतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चार दुकाने फिरून भाव करता येतो. नामांकित शिक्क्याची नक्कल विकणारेही बाजारात आहेत. असा माल जाणूनबुजून विकणाऱ्या आपल्या बांधवांनी तो कोणाच्या हातात फुटणार आहे, याचा विचार करावा.

सरकारी मदतीबद्दल एक खुलासा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची तरतूद ठेवली गेली. तिच्या १८ व्यवसायांत लोहार, कुलूपवाले, दर्जी आहेत, परंतु मोटार मेकॅनिक नाही. म्हणजे गॅरेजवाल्या मुलांना आपसांतच सोय पाहावी लागेल.

ती सोय अवघड नाही. इंजिन उचलायचे यंत्र, टॉर्क पाना, मोठा पुलर अशी भारी हत्यारे चार गॅरेजवाल्यांनी मिळून चांगल्या प्रतीची घ्यावीत, वहीत नोंद ठेवावी, तुटल्यास भरपाई कशी करायची ते आधीच ठरवावे. नित्याच्या वापरातली वस्तू शेजाऱ्याला नाकारणाऱ्यांची सूरह माऊनमध्ये निंदा आली आहे. आपण ती सूरह नमाजमध्ये पढतो, ती गाळ्यातही आठवावी. आणि ज्या उस्तादांकडे मुले शिकतात, त्यांनी शागिर्दाला गाळा सोडताना दोन चांगले पाने हातात द्यावेत. एवढी विनंती करून आम्ही हा विषय पुरा करतो.