आधी नोंद, मग निदान

आकाशात काही अनोळखी दिसले की काही जण 'परग्रहवासी आले' म्हणतात, तर काही जण सांगणाऱ्याचीच थट्टा करतात. अमेरिकेच्या 'नासा'ने या दोन्ही गोष्टी टाळल्या. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड स्पर्गेल यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. अशा घटनांमागे परग्रहवासी असल्याचा पुरावा नाही. मात्र चांगल्या नोंदींअभावी अनेक घटनांचा उलगडाही होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

अमेरिकी नौदलाच्या 'गो फास्ट' चित्रफितीत एक वस्तू समुद्रावरून सुसाट जाताना दिसते. समितीने पडद्यावरील आकड्यांवरून गणित मांडले, तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे वाऱ्याइतकाच निघाला. सुसाट वेगाचा भास चित्रण करणाऱ्या विमानाच्या गतीमुळे झाला होता.

आकडे होते म्हणून हे कळले. पण हसे होईल या भीतीने वैमानिक गप्प राहिले, तर तपासायला काहीच उरत नाही. लाजेपोटी लक्षण लपवणाऱ्या रुग्णाचे निदानही असेच अडते. नासाने या संशोधनासाठी संचालक नेमला, हे त्यामुळे योग्यच झाले. आधी ऐकून घ्यावे, नोंदवावे, मगच निदान करावे, हा दवाखान्यातला क्रम आकाशालाही लागू आहे.