‘प्रेझेंटली’चा अपराध काय?

सरकारी मसुद्यात ‘प्रेझेंटली’ हा शब्द ‘सध्या’ या अर्थाने दिसला रे दिसला की त्यावर लाल रेघ ओढणारे वरिष्ठ दिल्लीपासून चेन्नईपर्यंत आढळतात. ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘लवकरच’. ‘सध्या’ म्हणावयाचे असेल तर ‘अ‍ॅट प्रेझेंट’ लिहा, असा त्यांचा दंडक. हा दंडक आम्हांस मान्य नाही. आणि तो ज्या ऐटीने सुनावला जातो ती ऐट तर मुळीच मान्य नाही.

शब्दाचे कूळ पाहावे. लॅटिन ‘प्रेझेन्स’ म्हणजे समोर असलेला, उपस्थित. त्यावरून सिद्ध झालेल्या या क्रियाविशेषणाचा ‘सध्या’ हा अर्थ पंधराव्या शतकातच रूढ होता. सतराव्या शतकानंतर इंग्लंडच्या ग्रांथिक भाषेत तो मागे पडला. स्कॉटलंडात व अमेरिकेत मात्र चालत राहिला. म्हणजे साहेब ज्याला नवशिक्याची चूक म्हणतात, ते त्या शब्दाचे जुने वतन आहे! मागाहून आला तो ‘लवकरच’ हाच अर्थ.

तो आला कसा? या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ होता ‘तत्क्षणी’. 1611 च्या इंग्रजी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, येशूच्या शापाने अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळते, म्हणजे उभ्या जागी. परंतु माणसे ‘तत्क्षणी करतो’ म्हणत आणि सावकाश करीत; शब्द बिचारा त्यांच्यामागोमाग घसरत ‘थोड्या वेळाने’वर आला. इंग्रजीतील ‘सून’ आणि ‘अनॉन’ यांचीही हीच गत. दोहोंचा मूळ अर्थ ‘ताबडतोब’. ‘बाय अँड बाय’ची तर मौजच आहे. त्याच बायबलात, मार्काच्या शुभवर्तमानात, हेरोदियेची मुलगी योहानाचे शिर ‘बाय अँड बाय’ मागते; ती काही सवडीने मागत नव्हती! उत्तरेत नोकरी केलेल्यांना ‘अभी आया’चा अनुभव असेलच, आणि आपले ‘आलोच’ तरी काय निराळे?

दोन अर्थांमुळे घोटाळा होतो, हा आक्षेपही पोकळ आहे. ‘इज’ असेल तेथे ‘सध्या’, ‘विल’ असेल तेथे ‘लवकरच’. क्रियापदाचा काळच बहुधा निवाडा करतो.

तरीही या एका शब्दापायी मसुदा परत येतो, पुन्हा टंकलिखित होतो, पुन्हा सहीला जातो. आणि ज्या विधवेच्या निवृत्तिवेतनाविषयी तो आहे ती आणखी आठ दिवस टपालाची वाट पाहते. तिला ‘प्रेझेंटली’चा कोणताच अर्थ नको आहे. तिला तारीख हवी आहे. ती मसुद्यात घाला, असे मात्र लाल शाईने कोणी लिहीत नाही.