झुंज कसली?

पेपरात "त्यांची झुंज अपयशी ठरली" असं वाचलं की माझं डोकं फिरतं. जणू गेलेला माणूसच कुठेतरी कमी पडला! २०२०-२१ मध्ये तर हे वाक्य रोजचंच झालं होतं. मंडळी, आत खरोखर काय चालतं ते एकदा पाहा.

विषाणूकडे प्रथिनं बनवायची स्वतःची यंत्रणा नसते. तो आपल्या पेशीतल्या रायबोसोमवरच आपलं काम उरकून घेतो. त्याची वाढ होताना बऱ्याचदा दुपदरी आरएनए तयार होतो. तो दिसला की पीकेआर नावाचं आपलं एक प्रथिन जागं होतं आणि पेशीतलं प्रथिनं बनवण्याचं बहुतेक काम बंद पाडतं. म्हणजे चोराने रांधून खाऊ नये म्हणून घरधनीण स्वतःचीच चूल विझवते! मग अर्धवट राहिलेले संदेशवाहक आरएनए, रायबोसोमचे लहान भाग आणि जीथ्रीबीपी-१ सारखी प्रथिनं यांचे गोळे होतात. यांना 'स्ट्रेस ग्रॅन्यूल्स' म्हणतात, मी आपली 'ताणकण' म्हणते. त्यांना पापुद्रा नसतो. आमटीवर तेलाचे थेंब जमावेत तसे जमतात आणि ताण सरला की विरघळतात.

विषाणूही बेरकी. पोलिओचा विषाणू जीथ्रीबीपीचे चक्क तुकडे करतो. कोविडचा विषाणू आपल्या एन-प्रथिनाने त्याला धरून ठेवतो, त्यामुळे गोळे नीट होत नाहीत. आणि २००६ मध्ये ज्याने आपल्याकडे घरोघरी सांधे धरले तो चिकुनगुन्या? तो हेच प्रथिन पळवून स्वतःच्या वाढीसाठी राबवतो! हेपटायटिस-सीमध्ये तर हे कण येतात, विरघळतात, पुन्हा येतात. (हे २०१२ मध्ये दिसलं.)

बरं, हे कण विषाणूला नक्की किती रोखतात यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. २०२३ च्या एका संशोधनात तर असं दिसलं, की ते पेशीच्या स्वतःच्याच अतिरेकी प्रतिक्रियेला आवर घालतात, नाहीतर पेशी त्यातच मरते.

यात शौर्य कुठे आलं? हे सगळं भित्र्याच्या पेशीतही होतं आणि पैलवानाच्याही, कुणाला न विचारता. रोग्याला "लढ, हरू नकोस" म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तापाने फणफणलेल्या माणसावर आपण आणखी एक काम टाकतो.

तेव्हा घरच्यांनो, माझी वेळ येईल तेव्हा 'अमुक आजाराने निधन' एवढंच छापा. शब्दागणिक पैसेही कमी पडतील.