हौस म्हणू नका!

मोरोक्कोचा महंमद रबी २०१५ मध्ये हौशी मुष्टियुद्धात जगज्जेता झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये देशाला एकमेव पदक मिळवून देऊन तो २०१७ मध्ये व्यावसायिक झाला. पुरुषांसाठी ही वाट मळलेलीच. बायकांना मात्र ऑलिंपिकचं रिंगणच २०१२ मध्ये खुलं झालं! त्याच मोरोक्कोच्या खदिजा अल मर्दीनं २०२३ मध्ये दिल्लीत जागतिक सुवर्णपदक जिंकलं, सोबत एक लाख डॉलरचं बक्षीसही. आपल्या निखत, लवलिना, नीतू आणि स्वीटीही तिथेच सुवर्णकन्या ठरल्या. मुलगा खेळला की 'करिअर' आणि लेक खेळली की 'हौस', असं आपणच म्हणतो ना? तिच्या घामालाही दाम आहे. हे जगानं मानलं. आता घरानं मानायला हवं.