पटकथेची कैफियत

गेल्या भाद्रपदात, अनंत चतुर्दशी उलटून पेठेतले मांडव उतरविण्याचे काम चालू असताना, कसब्यात फडके हौदाजवळच्या एका जुन्या वाड्यात आम्ही आठ-दहा वाचनवेडी मंडळी नेहमीप्रमाणे जमलो होतो. आणि बोलता बोलता विषय चित्रपटांकडे वळला तेव्हा, ज्यांच्या व्यासंगाविषयी आम्हा सर्वांना नितांत आदर आहे आणि ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्या वयोवृद्ध गृहस्थांनी निःशंक स्वरात असा फैसला दिला की, पटकथा म्हणून ज्या वस्तूचा आजकाल एवढा गाजावाजा होतो ती वाङ्मयाच्या कोणत्याच सदरात बसत नाही. तिच्यात लेखन म्हणण्याजोगे जे असते ते संवाद. उरलेले सारे दिग्दर्शकाच्या सोयीसाठी केलेले टिपण. हाताशी चांगली कादंबरी असली म्हणजे असले टिपण कोणीही लिहिता-वाचता मनुष्य करू शकतो, आणि कादंबरी नसली तरी अडत नाही, कारण त्याचे तयार आराखडे आता पुस्तकांतून मिळतात. इमारत उभी राहिली की परांची उतरवितात, तशी चित्रीकरण संपले की पटकथा रद्दीत जाते. मग तिच्या कलेची चर्चा करावयाची ती कशासाठी?

हा पूर्वपक्ष मी शक्य तितक्या त्यांच्याच जोराने मांडला आहे, कारण तो एकट्या अण्णांचा नाही. नाटक आणि कादंबरी यांवर पोसलेल्या आपल्या सुशिक्षित वर्गाचा तो पिढ्यानुपिढ्यांचा ग्रह आहे, आणि माझ्या मते तो आरंभापासून अंतापर्यंत चुकीचा आहे.

पटकथा म्हणजे संवाद, हे त्याचे पहिले कलम. त्याला उत्तर देण्यास युक्तिवादाची गरज नाही. दाखला पुरेसा आहे. श्याम बेनेगलांच्या 1976 सालच्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी विजय तेंडुलकरांना सर्वोत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि त्या चित्रपटातले संवाद तेंडुलकरांचे नाहीत, ते कैफी आझमींचे आहेत. गोविंद निहलानींच्या 1983 सालच्या ‘अर्धसत्य’मध्येही पटकथा तेंडुलकरांची आणि संवाद वसंत देवांचे. पात्रांच्या तोंडचे शब्द दुसऱ्याने लिहिले असताना तेंडुलकरांनी मग काय लिहिले? श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मूळ लघुकथा समोर ठेवून त्यांनी अनंत वेलणकर या फौजदाराच्या आयुष्यात कोणता अपमान आधी यावा आणि कोणता मागाहून, हवालदार असलेल्या बापाचा दरारा प्रेक्षकाच्या ध्यानी केव्हा भरावा, पकडलेले गुंड वरच्या हुकुमाने सोडावे लागल्याची सल त्याच्या पुढच्या प्रत्येक कृतीत कशी झिरपत जावी, याची रचना केली. शेवटी तो रामा शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा त्या कृत्याचा धक्का बसतो, पण आश्चर्य वाटत नाही. आपण आतल्या आत त्याची वाट पाहत होतो असे जाणवते. हे जे वाट पाहावयास लावणे आहे, त्याचे नाव पटकथा. ते कोणत्याही एका वाक्यात सापडावयाचे नाही.

संवाद गौण आहेत असे मात्र मला म्हणावयाचे नाही. तेंडुलकरांसारख्या नाटककाराच्या बाबतीत तसे म्हणणे हा अविचार ठरेल. 1975 साली डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना, मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले हा मास्तरांचा प्रश्न जन्मभर विसरता येणार नाही. परंतु तो प्रश्न कागदावर लिहून पाहावा. त्यात अलंकार नाही, श्लेष नाही, शब्दांची निवडसुद्धा चार माणसांच्या बोलण्यातली आहे. त्याला धार येते ती इतकीच की, ज्या माणसाबद्दल तो विचारला जातो तो माणूस नाहीसा झालेला आहे. ज्याला विचारला जातो तो हिंदुराव धोंडे पाटील साऱ्या पंचक्रोशीचा धनी आहे. आणि जो विचारतो तो दारूने खचलेला, ज्याला गावात कोणी मोजत नाही असा एक उपरा म्हातारा आहे. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयाचे ऋण आपण मानतोच, आणि मानलेच पाहिजे. पण नसलेल्या माणसाला कथेचा नायक करण्याची आणि ज्याला स्वतःचाच आधार उरलेला नाही त्याच्या तोंडी न्यायाची मागणी घालण्याची कल्पना अभिनयाच्या आधी, लेखकाच्या मेजावर सिद्ध झालेली होती. ही गोष्ट तेंडुलकरांनी कादंबरीतून उचललेली नव्हती, नाटकातून उतरविलेली नव्हती. ती पडद्यासाठीच लिहिली गेली. हिला परांची कसे म्हणावे? परांची इमारतीचे वजन पेलीत नसते. येथे सारे वजन हिच्यावरच आहे.

आणखी मागे जाऊ. प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्यास आली, आणि 1936 सालच्या तिच्या ‘संत तुकाराम’ने, व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत मजल मारून, मराठी चित्रपटाचे नाव जगाच्या दप्तरी नोंदविले. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीसांची तन्मय मुद्रा यांचे कौतुक सर्वतोमुखी आहे. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग तर तुकोबांचाच म्हणून जाणत्यांनीही स्वीकारला. ज्यांनी पटकथा लिहिली ते शिवराम वाशीकर मात्र आज कितीजणांना आठवतात? संतचरित्र म्हटले की चमत्कारांची माळ ओवावयाची, हा तेव्हाचा सोपा मार्ग होता, आणि चमत्कार याही चित्रपटात आहेत. पण वाशीकरांनी तुकोबांसमोर आवली उभी केली, आणि तिला खाष्ट बायको करून हशे वसूल केले नाहीत. तिला चूल दिली, म्हैस दिली, आजारी लेकरू दिले. त्या लेकराला फरफटत देवळात नेऊन ती विठ्ठलावर पायातले उगारते, त्या क्षणी प्रेक्षकाला तिचा राग येत नाही, कारण आदल्या दृश्यांनी त्याला तिच्या पोटातली भूक आणि भीती दोन्ही दाखविलेली असतात. भक्ती आणि संसार यांचा जो वाद कीर्तनकार तासभर सांगेल, तो येथे एका उगारलेल्या हातात मांडला गेला आहे. अण्णांना मी नम्रपणे विचारतो : हे टिपण आहे काय?

दुसरे कलम कादंबरीचे. चांगली कादंबरी असली की पटकथा आपोआप होते, हा समज कादंबरीवरील प्रेमातून उत्पन्न झालेला आहे म्हणून क्षम्य आहे, पण समजच आहे. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून व्ही. शांतारामांनी 1937 साली ‘कुंकू’ केला, तेव्हा कादंबरीचे कर्ते हयात होते, लोकप्रिय होते, आणि पटकथा त्यांनीच लिहिली. म्हणजे स्वतःच्याच कथेची दुसऱ्या माध्यमासाठी पुन्हा मांडणी करण्याची मेहनत त्यांनाही चुकली नाही. कादंबरीकाराला निवेदनाची मुभा असते. नायिका नीरेच्या मनात काय चालले आहे हे तो अर्ध्या पानात सांगून मोकळा होतो. पडद्यावर ते सांगावयास कोणी नाही. पार्श्वसंगीताचाही आधार न घेता केवळ भोवतालच्या स्वाभाविक आवाजांवर चाललेला तो चित्रपट पाहताना हा अभाव किती मोठा आहे आणि तो किती निश्चयाने भरून काढला आहे हे उमगते. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या मिळून 1979 सालचा ‘सिंहासन’ झाला, तेव्हा तर प्रश्न याहून बिकट होता : मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारांचा पुढारी, अशी माणसांची एवढी गर्दी एका चित्रपटात बसवावयाची, आणि कोणी कोणाला कापले हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. सारे पाहणारा आणि काहीही करू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस हा दोरा तेंडुलकरांनी घट्ट धरला, आणि त्या दोऱ्यावर जे बसत नव्हते ते किती का मोलाचे असेना, बाहेर ठेवले. कादंबरीवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून ही निर्दयता सहसा होत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. ‘बनगरवाडी’सारखी मितभाषी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाने 1959 साली ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा लिहिली, आणि तो तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 131 आठवडे चालला. दोन्ही लेखण्या एकाच हातातल्या. पण कोणती केव्हा उचलावयाची याचे भान त्या हाताला होते.

उरले आराखड्यांचे कलम, आणि येथे मी अण्णांशी निम्म्याने सहमत आहे. अमेरिकेत सिड फील्ड यांनी 1979 साली पटकथेच्या तीन अंकांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्याच्या आवृत्त्या आणि त्यावरून निघालेली पुस्तके आज होतकरू लेखकांच्या हाती असतात. कितव्या पानावर कथेने वळण घ्यावे हे त्यांना तोंडपाठ असते. आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. भरतमुनींनी मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले त्याला शतकानुशतके लोटली. शिवाय आपल्या चित्रगृहांतले मध्यंतर हे वास्तव आहे आणि त्याची दखल घेतल्यावाचून येथे कोणाला लिहिता येत नाही. कोष्टक खोटे नाही. परंतु ते झालेल्या कामाची मोजणी आहे, कामाची सनद नव्हे. मोजणीदार शेताची हद्द बिनचूक सांगेल. पीक कोणते घ्यावे हे त्याला विचारू नये. ‘सामना’ला कोष्टक लावून पाहिल्यास तो त्यात बसेलही, पण कोष्टकावरून मारुती कांबळे सुचला नसता.

मग हे काम शिकावयाचे कसे? माझे घर तांबट आळीपासून दोन मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि पेशवाईपासून चालत आलेला तो धंदा आज मोजक्या घरांत उरला असला तरी ठोक्यांचा आवाज अद्याप कानी येतो. तांब्याच्या पत्र्याचे घंगाळ आकाराला आले म्हणजे पाहणाऱ्याला वाटते, काम संपले. वस्तुतः तेथून मठारकाम सुरू होते : एका ठोक्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा, असे भांडे फिरवीत फिरवीत सबंध अंगावर ठोके घालावयाचे. गिऱ्हाईक त्या चकचकीत खळ्यांना नक्षी समजते. कारागिराला ठाऊक असते की त्या ठोक्यांनी धातू कठीण होतो आणि पातळ पत्र्याला बळकटी येते. पटकथेचे पुनर्लेखन हे नेमके असे आहे. पहिल्या मसुद्यात आकार येतो. दुसऱ्या, चौथ्या, सातव्या मसुद्यात बळ येते. ज्यांनी हा व्यवसाय निष्ठेने केला अशा लेखकांकडून मी एवढेच शिकलो की, प्रत्येक दृश्याला विचारावे, तू नसलास तर काय बिघडेल. आणि काही बिघडत नसेल तर ते कितीही आवडते असले तरी काढावे. स्वतः लिहिलेल्या एका पटकथेतून मी अकरा पानांचा एक प्रवेश काढला, त्या दिवशी मला जेवण गेले नव्हते. आज त्या प्रवेशातले एक वाक्यही आठवत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा ग. दि. माडगूळकरांना, म्हणजे गदिमांना, सुचली त्यामागे औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा प्रयोग होता, जेथे कैद्यांना भिंतींवाचून, विश्वासावर ठेवून शेती करावयास लावीत, आणि गदिमा त्याच माणदेशातल्या शेटफळ्याचे. सुमित्रा भावे यांनी ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची कथा लिहिली ती पुण्याच्या अंगणातली. मुलगी त्याला मोटारीत बसवून क्षणभर बाजूला जाते, रस्त्याने हत्ती येतो, आणि तो वृद्ध विद्वान लहान मुलासारखा दार उघडून हत्तीमागे चालू लागतो. आजार, पांडित्य, बालपण आणि मुलीच्या पुढच्या साऱ्या धावपळीचे बीज, एवढे सगळे त्या एका कृतीत आहे, आणि त्यासाठी एक शब्दही खर्च झालेला नाही. त्या चित्रपटाच्या संवादांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या लेखिकेला बोलके करावयाचे कोठे हे कळते, तिलाच गप्प बसवावयाचे कोठे हेही कळते.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. रामायण-महाभारताच्या चित्रांची पोथी समोर धरून ते एकेक चित्र दाखवीत कथा सांगतात. चित्रे सर्वांना दिसतात, कथा सर्वांना ठाऊक असते. तरीही समोरची माणसे हलत नाहीत, कारण पुढचे चित्र केव्हा वर यावे हे चित्रकथीच्या हाती असते. पटकथाकाराचा अधिकार तोच : प्रेक्षकाला काय कळावे, कोणाच्या डोळ्यांनी कळावे आणि तोवर किती काळ कळू नये. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला 2020 साली व्हेनिसने पुरस्कार दिला तो पटकथेचा होता. परक्या परीक्षकांनी या अधिकाराची रुजुवात केली. ज्यांची भाषा आहे त्यांनी मात्र ती वस्तू वाङ्मयाच्या दारात उभी ठेवावी, हे मला सहन होत नाही.

म्हणून प्रकाशकांना माझी विनंती आहे की, नाटकाची संहिता जशी आपण छापता तशा पटकथा छापा. आणि मराठीच्या अध्यापकांना विनंती आहे की, ‘सामना’ची एक दृश्यमालिका वर्गात एकदा ओळीने वाचून दाखवा. अण्णा, येत्या बैठकीला वाड्यात ‘संत तुकाराम’ लावण्याची व्यवस्था मी केली आहे. आपण यावे, आणि आरंभीची नामावली सरकत असताना शिवराम वाशीकरांचे नाव मोठ्याने वाचावे.