घरात शिरलेला चोर आणि प्राणघातक बळाची कायदेशीर मर्यादा

रात्री घरात शिरलेला चोर घरमालकाच्या हातून मारला गेला, तर तो खून ठरतो काय? अशी घटना घडली की देशात दोन समज हमखास ऐकू येतात. आपल्या घरात शिरलेल्याचे काहीही करण्याची मुभा आहे, हा पहिला समज. चोराला हात लावला तरी घरमालकच तुरुंगात जातो, हा दुसरा. हे दोन्ही समज कायद्याला धरून नाहीत.

खासगी संरक्षणाचा हक्क 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 मध्ये नोंदविलेला होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 34 ते 44 मध्ये आला असून त्याचा आशय जवळजवळ जुनाच आहे. हा हक्क केवळ स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याचे शरीर तसेच स्वतःची व इतरांची मालमत्ता यांच्या रक्षणासाठीही तो वापरता येतो.

मालमत्तेचे रक्षण करताना हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, हे कलम 41 सांगते. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी आणि राहत्या घराला आग लावणे हे त्यातील ठळक प्रसंग होत. साधी चोरी किंवा घरात बेकायदा प्रवेश या यादीत सरसकट बसत नाही. मृत्यू किंवा जबर दुखापत होईल, अशी रास्त भीती त्या परिस्थितीत असावी लागते. भिंत फोडली तरच घरफोडी होते असेही नाही. कुलूप उघडणे किंवा प्रवेशासाठी नसलेल्या वाटेने आत येणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने घरफोडीच आहे. सूर्यास्ताची अट मात्र कंदिलाच्या काळातील आहे. शहरातील बंद सदनिका भरदुपारी फोडल्या जात असताना 2023 मध्ये नवा कायदा करतानाही ती कायम ठेवण्यात आली, हे काहीसे आश्चर्याचे आहे.

न्यायालये घरमालकाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे कटनी येथील 1950 च्या दंगलीतील खटल्यावरून कळते. जमावाने इमारतीचा एक भाग लुटला होता आणि शेजारच्या भागाच्या दारावर लाठ्या बसत होत्या. आतल्या माणसाने बंदूक चालविली व त्यात एक जण ठार झाला. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये निर्दोष सोडले. दार फुटेपर्यंत त्याने वाट पाहावी, अशी अपेक्षा करता येणार नाही आणि अशा क्षणी वापरलेले बळ सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

पण धोका संपला की जीव घेण्याचा हक्कही संपतो, आणि बहुतेक खटले येथेच अडतात. रात्रीच्या घरफोडीत गृहप्रवेश चालू असेपर्यंतच हा हक्क टिकतो. अंगण ओलांडून पळणाऱ्या चोराचा पाठलाग करून चोरीचा माल परत मिळविता येतो; केवळ तो पळाला म्हणून पाठीमागून गोळी घालता येत नाही. पकडून बांधून ठेवलेल्या चोराला मारहाण करणे तर संरक्षण नव्हेच. कलम 37 नुसार, पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजाही करता येत नाही. सद्भावनेने, सूडाचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो. शिक्षा कमी होते, सुटका होत नाही.

घरमालक जागेवर नसताना काम करणारे सापळे हा आणखी एक प्रश्न. बिहारमधील एका माणसाने आपल्या शौचालयाच्या वाटेवर उघडी विद्युतभारित तार लावली. ते शौचालय वापरण्यास आलेली शेजारची स्त्री तारेला लागून मरण पावली. आगंतुक म्हणजे कायद्याबाहेरचा जीव नव्हे, हे स्पष्ट करून सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये त्याची शिक्षा कायम ठेवली. कुंपणात वीज सोडणाऱ्यांनी हा निकाल अवश्य ध्यानात घ्यावा.

चोरांची भीती जमावाच्या हाती गेली की काय होते, हे पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे एप्रिल 2020 मध्ये दिसले. चोर फिरत असल्याच्या अफवेतून दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली. तेथे ना घरफोडी होती, ना चोर. आपल्यासमक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो. मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.

हक्क शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकारी पक्षाइतका जड नसतो. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे, एवढे दाखविले तरी पुरते. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2010 मध्ये या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली व भ्याडपणे वागण्याची सक्ती कायदा कोणावर करीत नाही, हे सांगितले. तरीही मृत्यू झाला की गुन्हा नोंदविला जातो आणि तपास होतोच. जखम छातीवर आहे की पाठीवर, मृतदेह घरात सापडला की रस्त्यावर, पोलिसांना पहिला दूरध्वनी केव्हा गेला, याच तपशिलांवर पुढे निकाल ठरतो.